चरातलं पाणी

चैत्र अर्धा सरला की टेकवाडीत दोन गोष्टी ठरलेल्या. ऊस गुडघ्याच्या वर जातो आणि बायकांचे आवाज डोक्याच्या वर. तसा पाण्याला तोटा नाही. कृष्णेचं पाणी पाइपातून शिवारभर खेळतं, आष्ट्याच्या रस्त्यापर्यंत नुसता हिरवा गार ऊस. पण चाळीस वर्षं पाजून पाजून जमीन आता ते पाणी ओकायला लागलेली. खालच्या अंगाच्या वावरांवर मीठ फुललेलं. विहिरी मचूळ झालेल्या, बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येईना. चहूकडे पाणी आणि पिण्याजोगी विहीर एकच, टेकावरची, साळूबाईची.

तिच्या आजेसासऱ्यानं ती खोदली तेव्हापासून गाव तिचंच पाणी पीत आलं. कुणी विचारून नेत नव्हतं आणि कुणी चप्पल घालून कट्ट्यावर चढत नव्हतं. नवी नवरी पहिली घागर इथंच भरायची. बाळंतीण सव्वा महिन्यानं इथंच यायची. आतल्या कोनाड्यात पाण्याच्या देवींचे, साती आसरांचे, शेंदूर फासलेले सात दगड होते, त्यांची ओटी भरायची. आणि आजेसासऱ्यानं एक रीत घालून दिली होती. विहीर ज्याची, त्याच्या घरची घागर सगळ्यांत शेवटी.

रीत सुंदरच, पण ती घालून देणाऱ्यानं जन्मात कधी घागर उचलली नव्हती. पावसाळ्यात काही वाटायचं नाही. चैत्रात मात्र साळूबाईची पाळी यायला दुपारचा एक वाजायचा, तोवर विहीर खरवडून निघालेली असायची. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, तेहतीस उन्हाळे ती गढूळ पाणी फडक्यातून गाळत आली. गुडघे आता दोराच्या प्रत्येक हिसक्याला कुरकुरायचे.

अशा एका सकाळी उपसरपंच ज्योतिबा हातात बाटली घेऊन अंगणात आला. पांढरी, जाड प्लॅस्टिकची, वर चिठ्ठी चिकटवलेली.

"साळूकाकी, बसा म्हणू नगासा, घाईत हाय."

"मी कुटं म्हटलं बस?"

ज्योतिबा हसला आणि बसला. पुण्याची एक संस्था गावात पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवणार होती. पैसा बाहेरच्या कुठल्या देशातल्या लोकांचा. गरीब देशांमधून चांगलं पाणी पोचवायचं, असं त्यांनी मनावर घेतलं होतं.

"आमी देश झालो व्हय?" उंबऱ्यावर बसलेल्या गुंडानं विचारलं. साळूबाईचा नवरा. सतरा वर्षं पलटणीत काढून आलेला, आता साखर कारखान्याच्या गेटवर राखणीला.

"गुंडाआप्पा, मधी बोलू नगा. काकी, गाव ज्या हिरीचं पितं तिचं पाणी ह्यात भरायचं, खाली मालकाची सही. दुपारच्याला संस्थेची पोरगी येणाराय न्यायला."

"भर की मग. हीर काय कुलपात हाय?"

"हितलंच तर नगं." ज्योतिबानं बाटली खाली ठेवली. "ह्ये पाणी चांगलं. तपासलं की चांगलंच यील. मग संस्था म्हणणार, ह्यांचं भागतंया. यंत्र जाणार पल्याडच्या गावाला. त्यांचा निकाल वाईट आलाय. नशीबवान."

साळूबाईच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. "म्हंजी मी माज्या हिरीला वाईट म्हणायचं?"

"तुमी काय बी म्हणू नगा. कागद म्हणंल. काकी, साठ-सत्तर वर्सं तुमच्या घरानं गावाला पाणी दिलंय. आता ह्ये येवढं एकडाव द्या."

ती गुंडाकडं वळली. तो बोटानं उंबऱ्यावरची मुंगी वळवत होता. "हीर तुज्या नावावर, सही तुजी लागणार," तो म्हणाला. "तुजं तू बघ."

तिनं बघितलं. परवाच विहिरीवर दोघींनी एकमेकींच्या झिंज्या धरलेल्या. कालची घागर तळाशी चार बोटं चिखल घेऊन आलेली. एक तोटी असेल, ती पिळायची आणि पाणी येईल. आपल्यालाही सगळ्यांबरोबर. एवढंच तिच्या डोक्यात आलं. कागद पुढं कुणाकुणाच्या हातात जातो, हे डोक्यात यायला कागदांची सवय लागते.

दुसऱ्या कुणाचा हात लागण्यापेक्षा ती स्वतःच खालच्या पट्टीत गेली. त्यांचंच वावर, दहा वर्षांपूर्वी क्षारानं मेलेलं. पांढरा पापुद्रा पायाखाली कुरकुरला, टाचेच्या भेगांत मीठ शिरून आग झाली. बांधाच्या चरात वरच्या उसातलं पाणी झिरपून साचत होतं, खतं खाऊन हिरवट पिवळं झालेलं. कुत्रंही तोंड लावायचं नाही. तिनं ओचा खोवला, वाकली, सांगितल्याप्रमाणे बाटली दोनदा विसळली आणि तिसऱ्यांदा गळ्यापर्यंत भरली. खोटं काम असलं तरी नीट करायची सवय.

दुपारी संस्थेची पोरगी आली. झोया तिचं नाव, सांगलीची. डोक्याला ओढणी, खांद्याला बर्फाची पेटी. "मावशी, तुम्हीच भरली ना?"

"व्हय."

"विहिरीतलंच?"

"सही कुटं करू?" साळूबाई म्हणाली.

पंधरा दिवसांनी ग्रामपंचायतीचा शिपाई रंगाचा डबा घेऊन आला आणि त्यानं विहिरीच्या कठड्यावर परातीएवढा लाल गोळा काढला. खाली लिहिलं, 'पिण्यास अयोग्य'. साळूबाई हातातलं शेण तसंच घेऊन बघत राहिली.

"रंग कुणी सांगितला?"

"नियम हाय म्हणं." शिपाई कट्ट्यावर चप्पल घालूनच उभा होता. तिनं त्याच्या पायाकडं बघितलं, त्यानंही बघितलं, पण चप्पल काही काढली नाही.

ज्योतिबाला गाठून विचारलं तर तो म्हणाला, "रंगच तर हाय काकी. चार पावसाळ्यांत धुऊन जाईल." प्रयोगशाळेचा निकाल पंचायतीच्या फळ्यावर लागला. दोन दिवसांत तो गावाच्या प्रत्येक फोनमध्ये होता. साळूबाई चौथी शिकलेली, तिनं काही तो वाचला नाही. वाचायचा कशाला, पाणी कुठलं ते तिला ठाऊक होतं.

यंत्र वैशाखात आलं. विहिरीच्या वरच्या अंगाला गायरानाचा तुकडा होता, तिथं निळ्या पत्र्याची खोली उभी राहिली. खाली गावातल्या बोअरचं मचूळ पाणी मोटारीनं वर चढवायचं. यंत्र एक घागर नितळ पाणी द्यायचं आणि एक घागर खारट पाणी मागच्या जाड नळीतून बाहेर टाकायचं. त्याला मागं दगडांनी भरलेला खड्डा होता. "शोषखड्डा," ज्योतिबा पाहुण्यांना सांगायचा, "जमीनच पिती, कुटं वघळ न्हाई का चिखल न्हाई." उद्घाटनाला एक गोरी बाई आली, तिनं तोटीखाली ओंजळ धरून फोटो काढला. मग खाली येऊन लाल गोळ्यापाशी दुसरा काढला. तो काढताना तिनं तोंड फार दुःखी केलं.

दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर कुणी आलं नाही. साळूबाई सवयीनं एक वाजेपर्यंत थांबली. तिसऱ्या दिवशी ती सकाळीच उठून गेली आणि लग्नानंतर पहिल्यांदा तिची घागर पहिली भरली. पाणी काठापर्यंत, नितळ. घागर डोक्यावर चढवायलाही कुणी बाई शेजारी नव्हती.

पाणी आता तोटी पिळली की मिळालं असतं, पण ती तोटीवर गेली नाही. आपण ज्याला वाईट म्हटलं तेच पीत बसली. तिच्या हिशेबी तेवढा तरी तिनं विहिरीचा मान ठेवला.

आषाढाच्या सुरुवातीला शेजारच्या शालूबाईची सून बाळंतीण, सव्वा महिना झाला. साळूबाईनं कट्टा झाडला, कोनाड्यातल्या दगडांना नवा शेंदूर लावला. बायका वाजतगाजत आल्या आणि विहिरीवरून सरळ वर गेल्या. स्टीलच्या तोटीला हळदकुंकू लावलं, खण गुंडाळला, यंत्राच्या दारात नारळ फोडला.

"शालूबाई, आसरा काय तिकडं ऱ्हायाला गेल्यात व्हय?" साळूबाईनं खालून विचारलं.

"राग धरू नगासा काकी," शालूबाई म्हणाली. "पोरीच्या दुधातनं उतरायचं कायतरी. कागदावर लिवलंयाच की, गरवारशीला आन् बाळाला वाईट म्हणून."

कागदावर काय लिहिलंय ते साळूबाईला असं कळलं.

तिला लेक आठवली. तिची एकुलती एक लेक संयोगिता रहिमतपूरला दिलेली. तीन वर्षांत दोनदा राहिलं आणि दोन्ही वेळा चौथ्या महिन्याच्या आत गेलं. आता तिसऱ्यांदा दिवस होते. जपायला माहेरी आणायचं ठरलेलं, पण विहीण महिनाभर आज-उद्या करत होती.

आठच दिवसांनी विहीण स्वतः आली. विजयमाला, गोरी, जाडसर, हातात मोठी पर्स. जावई शिवतेज गाडीतून उतरलाच नाही, काच वर करून फोनमध्ये बघत बसला. मागच्या दारातून संयोगिता उतरली. दोन्ही हातांत पिशव्या, चालणं पाय ओढत, पोटाशी काही नाही. साळूबाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि काही विचारायचं शिल्लक राहिलं नाही.

"मंगळवारी गेलं," विजयमाला म्हणाली.

साळूबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. विजयमालानं तो हातानं बाजूला सारला आणि पर्समधून बाटली काढली. "आमचं आणलंय." दोन घोट प्यायली, झाकण घट्ट लावलं. चहाही नको म्हणाली.

"ताई, आम्ही तुमच्या लेकीला कधी दोष दिला न्हाई. आमाला वाटलं, नशीब." तिनं फोन पुढं धरला. त्यात तो कागद, शेजारी लाल गोळा. "आता कळलं. चोवीस वर्सं हे पाणी हाडात मुरल्यावर पोट कसं टिकंल? लग्नाच्या आधी सांगायचं होतं तुम्ही."

"डाक्टर आसं म्हणला?"

"डॉक्टरला काय विचारायचं? शिक्का हाय की कागदावर."

"त्यो निकाल चुकलाय," साळूबाई म्हणाली. "पाणी चांगलं हाय. मी पुना तपासती."

"तपासा की. चांगला आला तर शिवतेज सवता येईल न्यायला, मी शब्द देते." विजयमाला उठली. "तसाच आला तर मग भांडण नको. वकिलापुढं बसू, दोघं मोकळी होतील." जाताना अंगणात तिनं पदर नाकाला लावला. विहीर तिथून पन्नास पावलांवर होती, आणि वास काही येत नव्हता.

संयोगिता भिंतीकडं तोंड करून पडली. चौथ्या दिवशी तिच्या चोळीवर दुधाचे दोन डाग उमटले. साळूबाईनं फडकं आणून दिलं, तिनं छाती आवळून बांधली. चुलीवर डाळ दोन तास रटरटत होती, शिजेना.

"दुकानदारानं जुनी डाळ गळ्यात मारली," साळूबाई म्हणाली.

ती ज्योतिबाकडं गेली. तो घरासमोर गाडी पुसत होता. तिनं उभ्याउभ्या सगळं सांगितलं आणि म्हणाली, "तू येवढं लिवून दे, बाटली चराची हुती म्हणून. माज्या पोरीचा संसार हाय रं."

ज्योतिबानं आधी फाटकाबाहेर बघितलं. "काकी, सही कुणाची हाय?"

"माजी."

"मग लिवून काय देऊ? संस्था म्हणंल फसवलं. यंत्र उचलून नेतील, तुमच्यावर केस करतील. गाव तुमच्या दारात येऊन काय म्हणंल, ठावं हाय?" मग आवाज उतरवून म्हणाला, "एवडं कशाला? पोरीला सांगा, गोड बोलून ऱ्हा म्हणावं. आन् कुणापुढं ह्यो विषय काढू नगासा. मला ह्यातलं काय आठवत न्हाई." आणि तो पुन्हा काच पुसायला लागला. पुसायला पाणी यंत्राचं होतं.

झोया महिन्यातून एकदा यंत्र बघायला यायची. श्रावणात आली तेव्हा साळूबाईनं तिला खोलीच्या मागं गाठलं आणि चराचं, बाटलीचं, लेकीचं, सगळं सांगितलं. झोयानं मध्ये तोंड घातलं नाही. ऐकून झाल्यावर ती जरा वेळ नळीतून खड्ड्यात पडणाऱ्या पाण्याकडं बघत राहिली.

"मावशी, मी विचारलं होतं तुम्हाला."

"इचारलंस. मी उत्तर दिलं न्हाई."

"चला. आता मी स्वतः भरते."

ती चपला खाली काढून कट्ट्यावर चढली. साळूबाईला ते बघून उगाच भरून आलं. झोयानं पोहऱ्यानं पाणी काढलं, बाटली भरली, झाकण लावलं. मग पिशवीतून पेनासारखं एक यंत्र काढून पोहऱ्यात बुडवलं. आकडा बघितला. पुसून पुन्हा बुडवलं, पुन्हा बघितला.

"काय म्हणतंय?"

"प्रयोगशाळेतून येऊ दे, मावशी," झोया म्हणाली. तिनं साळूबाईकडं बघितलं नाही.

दहा दिवस लागणार होते. साळूबाईनं ते दहा दिवस विटेचा तुकडा घेऊन लाल गोळा घासण्यात घालवले. बोटांची सालं गेली, रंग थोडा गुलाबी झाला. दुपारी चहा ठेवला की दूध फाटायचं. तिला वाटलं, म्हस गाभण असंल. गुंडानं सगळा चहा एकदा मोरीत ओतला, तिच्याकडं बघितलं, आणि त्यानंतर तो कारखान्याच्या कँटीनमध्येच चहा पिऊन यायला लागला. तिची जीभ रोज तेच पाणी पिऊन सरावली होती. तिला फरक कळत नव्हता, किंवा कळून घ्यायचा नव्हता.

संयोगिता अंगणात येऊन बसायला लागली होती. "आई, काय घासतीस रोज?"

"निकाल आला की पुसायचंच हाय. मग शिवतेज येतोय न्यायला."

"त्यांचा फोन तरी आला का गं?"

"यील."

पोरीनं त्या एका शब्दावर केस विंचरले. दुसऱ्या दिवशी साडी बदलली.

अकराव्या दिवशी झोया आली. कागद तिच्या पिशवीत होता, पण तिनं आधी साळूबाईला वर यंत्रामागं नेलं. "इथं उभ्या राहा. हे खारं पाणी रोज ह्या खड्ड्यात जातं, चार महिने. खाली मुरूम आहे, त्यातून पाणी झिरपतं. आणि तुमची विहीर उताराला." तिनं हातानं रेघ दाखवली. "हे आमच्याकडूनच चुकलं. जागा ग्रामपंचायतीनं दिली, आम्ही उतार बघितलाच नाही. विहीर आधीच वाईट आहे म्हणून कागदावर होतं ना, मग तिला जपायचं कुणाच्या मनातच आलं नाही."

साळूबाईनं खड्ड्यातल्या दगडांकडं बघितलं. दगडांवर पांढरा पापुद्रा धरला होता. तो तिच्या ओळखीचा होता.

"वाईट आला," ती म्हणाली.

"मी वर लिहिलंय. खड्डा हलवतील. पण विहीर निवळायला दोन-तीन पावसाळे लागतील."

"आन् पयला कागद? त्यो तर खोटा हाय. तू सांग की त्यास्नी."

"सांगेन, मावशी. पण खाली सही तुमची, आणि दुसरा कागद तेच म्हणतोय. कोण ऐकेल?"

"माजी लेक ऐकंल," साळूबाई म्हणाली.

कागद घेऊन ती खाली आली तेव्हा संयोगिता दारात उभी होती. तिनं आईच्या हातातून कागद काढून घेतला आणि वाचला. ती बारावी शिकलेली, तिला वेळ लागला नाही. वाचून तिनं कागदाची घडी घातली, पुन्हा घातली, ती बसेना तरी घालत राहिली.

"तेच आलंया," ती म्हणाली.

"बाळ, बस हितं. ऐक." साळूबाईनं तिला उंबऱ्यावर बसवलं. "पयली बाटली हिरीची न्हवती. खालच्या चराची हुती. मी भरली. गावाला यंत्र मिळावं म्हणून मी माज्या हातानं भरली आन् सही केली. तू पेलीस ते पाणी चांगलं हुतं. तुज्या हाडात काय न्हाई. आता बिघडलंय ते यंत्रानं, वरच्या खड्ड्यानं. तवा चांगलं हुतं, शपत."

संयोगिताचा हात घडीवरच थांबला. "हे आज सांगतीस?"

"लाज वाटली गं. म्हटलं निकाल चांगला आला की सांगायची येळच येणार न्हाई."

"दोन कागद हायत आई. दोन्हीत तेच हाय."

"तुज्या आप्पास्नी इचार. त्ये हुते हितंच, ह्याच उंबऱ्यावर."

गुंडा कामावर निघाला होता. खाली बसून बुटाची नाडी बांधत होता. लेकीनं विचारलं, "आप्पा, खरं हाय का? चराचं पाणी हुतं?"

गुंडानं एका बुटाची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. एकदा त्यानं बायकोकडं बघितलं, मग लेकीच्या बांधलेल्या छातीकडं, मग बुटाकडं.

"चराचं? न्हाई बा," तो म्हणाला. "हिरीचंच भरलं हुतं. मी हुतो की."

"आवं," साळूबाई म्हणाली.

"तुज्या आईला आता कायबी वाटतंया पोरी. मनाला लावून घेतलंया तिनं. पाणीच वाईट हुतं, कुणाचा काय दोष न्हाई. आईवर राग धरू नगंस." तो उठला, टोपी घातली आणि निघाला. फाटकापर्यंत पलटणीत शिकवल्यासारखा ताठ चालला. फाटकाशी कडीला हात लावून थांबला. वळला मात्र नाही.

साळूबाईनं उंबरा दोन्ही हातांनी धरला. संयोगिता तिच्या शेजारी सरकली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली, लहान पोराच्या पाठीवरून फिरवतात तसा.

"माज्यासाठी सवताच्या अंगावर घेऊ नगंस, आई. तुला काय ठावं हुतं, पाण्यात काय हाय ते? माजंच आंग तसं झालं. त्यात तुजी काय चूक?"

"अगं खरं सांगती मी."

"बरं. आसू दे."

ती उठली. चुलीपाशी सकाळी भरलेली घागर होती, ती तिनं कडेवर घेतली, अंगणात नेली आणि धुळीत पालथी केली. मग तीच घागर घेऊन चढावर गेली. साळूबाईला खालून दिसत होतं. तोटीपाशी चार बाया होत्या, त्यांनी पोरीला पुढं जाऊ दिलं. एकीनं तिच्या पोटाकडं बघून दुसरीच्या कानात काही सांगितलं. पोरगी मान खाली घालून भरत होती.

ती आली, घागर उतरवली, तांब्या भरला आणि आईच्या हातात दिला.

"आजपास्नं ह्येच प्यायचं. त्या हिरीचं तोंडात घ्यायचं न्हाई. घे, माज्यासमोर पी."

साळूबाईनं तांब्या तोंडाला लावला. लेक समोर उभी राहून बघत होती, म्हणून तिनं तो थेंबही न ठेवता रिकामा केला. पाणी गार होतं. त्याला कसलीच चव नव्हती.